नूतन: 'सीमा'च्या आधीची पाच वर्षं

परवा शनिवारी दुपारी मस्तपैकी आमटी-भात हाणून आडवा झालो. झोप काही येईना, म्हणून यूट्यूबवर 'सीमा' लावला. लहानपणी टीव्हीवर तुकड्यातुकड्यांत पाहिला होता, तेव्हा बलराज साहनी आणि मन्ना डेचं गाणं एवढंच डोक्यात राहिलं होतं. या वेळी मात्र नूतनवरून नजर हलेना. चोरीचा खोटा आळ आलेली, आश्रमात आणून टाकलेली, सगळ्या जगावर खवळलेली गौरी. रागात ती सुंदर वगैरे दिसायचा जराही प्रयत्न करत नाही. अहो, १९५५ सालची हिंदी सिनेमाची हिरॉईन आहे ती! आणि वय वर्षं फक्त १९.

हे हिला आलं कुठून, असा प्रश्न पडला आणि रविवार त्यातच गेला. बायको म्हणाली, "गाडी धुणार होतास ना?" असो. :)

नूतन म्हटलं की आपल्याला थेट 'सुजाता' आणि 'बंदिनी' आठवतात. जणू ती जन्मली तीच बिमल रॉयच्या सेटवर. पण 'सुजाता' आला १९५९ साली, आणि तिने काम सुरू केलं होतं १९५० साली. मधल्या नऊ वर्षांतली पहिली पाच कुणी फारशी सांगतच नाही.

सुरुवातीपासून बघू. नूतनचा जन्म ४ जून १९३६ चा, मुंबईचा. वडील कुमारसेन समर्थ चित्रपट दिग्दर्शक, आई शोभना समर्थ. शोभनाबाईंची स्वतःची सुरुवात १९३५ साली कोल्हापूर सिनेटोनच्या 'विलासी ईश्वर'मधून झाली, दिग्दर्शक मास्टर विनायक. पण घराघरांत नाव पोचलं ते थेट १९४३ च्या 'रामराज्य'मधल्या सीतेमुळे. म्हणजे मधे आठ वर्षं गेली. पहिला सिनेमा आणि खरं यश यांत किती अंतर असू शकतं, हे या घराला पाठ होतं.

तरीही, किंवा कदाचित म्हणूनच, शोभनाबाईंनी मुलीसाठी वाट बघत बसायचं नाही असं ठरवलेलं दिसतं. १९५० साली त्यांनी स्वतःच 'हमारी बेटी' काढला, स्वतःच दिग्दर्शित केला. धाकटी तनुजाही त्यात बालकलाकार म्हणून होती. नूतन तेव्हा १४ वर्षांची. आपण त्या वयात आठवी-नववीत होतो आणि स्नेहसंमेलनात मागच्या रांगेत उभं राहायला लाजत होतो.

पुढच्याच वर्षी 'नगीना' आला. यातला किस्सा प्रसिद्ध आहे. सिनेमाला 'फक्त प्रौढांसाठी' असं सर्टिफिकेट मिळालं आणि हिरॉईनचं वय होतं १५! स्वतःचाच सिनेमा बघायला गेलेल्या नूतनला दारावरच अडवलं, असं सांगतात. ऐकायला गंमत वाटते. पण मला त्यात तिची सगळी अवस्था दिसते. पडद्यावर तिला मोठ्या बाईचं काम दिलेलं, आणि पडद्याबाहेर ती लहान मुलगी. दोन्हीकडून अडचण.

त्याच १९५१ साली झिया सरहदींचा 'हम लोग' आला. नोकरी नसलेला भाऊ बलराज साहनी आणि त्याची बहीण नूतन. या दोन सिनेमांनी तिचं नाव झालं. म्हणजे सुरुवात वाईट नव्हती. गोची पुढे झाली.

१९५२ साली 'निर्मोही', 'हंगामा', 'पर्बत'. १९५३ साली 'लैला मजनू'. यातला एक तरी तुम्ही पाहिलाय का? मी नाही. माझ्या आईनेही नाही, आणि आईने काय काय पाहिलंय याची यादी केली तर एक वही भरेल. 'लैला मजनू'चा मजनू होता शम्मी कपूर. तोही तेव्हा नवखा आणि चाचपडणाराच. त्याला स्वतःचा सूर सापडायला १९५७ चा 'तुमसा नहीं देखा' उजाडावा लागला. म्हणजे पुढे आपापल्या परीने हिंदी सिनेमा बदलणारे दोघंजण एकाच सिनेमात समोरासमोर उभे होते, आणि तरीही काही घडलं नाही.

का नाही घडलं? त्या काळातली हिरॉईन म्हणजे भरलेला गोल चेहरा, नजाकत, लाडिक बोलणं. नूतन सडपातळ, हाडं दिसणारी, सावळी. तिच्या दिसण्यावरून बोलणारेही होतेच. मग दिग्दर्शक काय करणार? तिला त्याच साच्यात कोंबणार. सिनेमे मिळत होते, पण भूमिका मिळत नव्हती. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला या रविवारी नीट कळलं.

आणि मग आईने असं काही केलं, जे आज कुठलाही मॅनेजर करू देणार नाही. तिला काही काळ सिनेमापासून लांब, थेट स्वित्झर्लंडला, ला शातलेन नावाच्या शाळेत पाठवलं. १९५३ च्या सुमाराची गोष्ट. मुलीची तब्येत सुधारावी, चार गोष्टी शिकाव्यात हा हेतू. सतराव्या वर्षी, आठ-दहा सिनेमे नावावर असताना, पुन्हा शाळेत! इंडस्ट्रीत तेव्हाही 'दिसेनाशी झाली की संपली' हाच हिशेब होता.

तिथल्या वर्षाने नेमकं काय केलं, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण एक कल्पना करता येते. तेराव्या-चौदाव्या वर्षापासून जिच्याकडे सगळे 'शोभना समर्थची मुलगी' म्हणून बघत होते, तिला पहिल्यांदाच कुणी ओळखत नव्हतं. 'कशी दिसते' यावर रोज निकाल लागत नव्हता. एवढी सुट्टी माणसाला बरीच असते.

परत आल्यावर लगेच काही आकाशातून फुलं पडली नाहीत. १९५४ चा 'शबाब' आला, त्यातली नौशादची गाणी लोकांच्या लक्षात राहिली. आणि मग १९५५ साली अमिय चक्रवर्ती यांनी 'सीमा'साठी तिला घेतलं. हे तेच अमियबाबू, ज्यांच्या १९४४ च्या 'ज्वार भाटा'मधून दिलीपकुमार पहिल्यांदा पडद्यावर आला. म्हणजे माणसं पारखायची नजर होती त्यांना.

गंमत बघा, 'सीमा'त तिला गोडगोजिरी व्हायची गरजच नव्हती. गौरी अनाथ आहे, नातेवाइकांच्या घरी राबते, कुणी तिचं ऐकून घेत नाही. तो सडपातळ बांधा, ती ताठ मान, ते मोठे डोळे, जे पाच वर्षं 'दोष' म्हणून मोजले गेले, तेच इथे कामाला आले. समोर पुन्हा बलराज साहनी. चार वर्षांपूर्वी ज्याची बहीण होती, त्याच्यासमोर आता नायिका म्हणून उभी आणि कुठेही कमी पडत नाही. आणि ते लताचं जयजयवंतीतलं गाणं! जमलं तर आवाज बंद करून फक्त नूतनचा गळा आणि चेहरा बघा. तान तीच घेतेय असं वाटतं. नूतन स्वतः गायची, हे तिथे कळतं.

'सीमा'साठी तिला फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. पुढे असे आणखी चार. त्या पाचाच्या आकड्याची बरोबरी करायला २०११ साल उजाडलं, आणि बरोबरी केली ती तिच्याच भाचीने, काजोलने.

'सीमा'नंतरही ती एकाच साच्यात बसली नाही, हे मला फार आवडलं. १९५७ चा 'पेइंग गेस्ट' देव आनंदबरोबर, हलकाफुलका. १९५८ चा 'दिल्ली का ठग' किशोरकुमारबरोबर, त्यात ती चक्क स्विमसूटमध्ये. आणि त्याच वर्षी 'सोने की चिड़िया', इस्मत चुगताईंची कथा, जिच्यात कमावत्या अभिनेत्रीच्या जिवावर तिचे नातेवाईक जगतात. पुढे पैशांवरूनच नूतन आणि आईमध्ये दुरावा आला आणि तो बरीच वर्षं टिकला, हे माहीत असलं की तो सिनेमा बघताना घशात काहीतरी अडकतं. जिने मुलीसाठी सिनेमा काढला, तिच्याशीच हे व्हावं. १९८० च्या दशकात त्या दोघी पुन्हा जवळ आल्या, आणि २१ फेब्रुवारी १९९१ ला नूतन गेली तेव्हा आई हयात होती.

आता थोडं माझं. नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत मला एका साहेबांनी अप्रेझलमध्ये शांतपणे सांगितलं होतं, "तुझा हा पिंड नाही." तेव्हा मी टेस्टिंगच्या एक्सेल शीट भरत होतो. त्या शीट मी खरोखरच वाईट भरायचो. ते साहेब खोटं बोलले नव्हते. फक्त त्यांनी जे पाहिलं होतं ते काम होतं, मी नव्हतो. नंतर दुसऱ्या टीममध्ये गेलो आणि गाडी रुळावर आली. ते वाक्य मात्र अजून कधीकधी रात्री आठवतं.

उद्या सोमवार. आमच्या टीममध्ये एक नवी मुलगी आली आहे, सहा महिने झाले. काम यथातथाच. तिच्याबद्दल चार ओळी लिहून द्यायच्या आहेत, आणि शुक्रवारी मी त्या जवळजवळ लिहूनच टाकल्या होत्या. आता त्या खोडतोय. आधी तिला विचारणार आहे, तुला नक्की काय करायला आवडेल?

गाडी पुढच्या रविवारी धुऊ. :)