आपल्या घरातील ठासणीची बंदूक

खंडेनवमीच्या सकाळी आपल्या मालवण-देवगड पट्टीतील काही घरांत देव्हाऱ्यापुढे कोयता, कुऱ्हाड, नांगराचा फाळ ह्यांच्या पंक्तीस एक लांब नळीची बंदूकही मांडण्यात येते. तिला हळदकुंकू लागते, झेंडूची माळ पडते. माझ्या बालपणी ही बंदूक कोठून आली असे विचारले की आजोबांचे उत्तर ठरलेले असे : "मायनाक भंडाऱ्यांच्या आरमारातली !" पुढे शिक्षकी पेशात गावोगावी राहण्याचा योग आला, तेव्हा ज्ञातीतील आणखी पाच-सहा घरांत हेच उत्तर मी ऐकले. त्या उत्तराची थोडी तपासणी येथे करावयाची आहे. वडीलधाऱ्यांनी राग मानू नये.

बंदुकीचे वय तिच्या नळीवरून सहसा कळत नाही. ते घोड्यावरून कळते. घोडा म्हणजे चाप ओढताच पुढे आदळणारा खटका. सर्वांत जुन्या तोड्याच्या बंदुकीत ह्या खटक्यात जळती जामगी धरलेली असे व ती कानातील दारूस टेकविली म्हणजे बार उडे. त्यानंतर गारगोटीची बंदूक आली. तीत गारगोटी पोलादावर घासून ठिणगी पडे. केपाची बंदूक ह्या दोहोंनंतरची. आघाताने पेट घेणाऱ्या रसायनाचा बंदुकीत उपयोग करण्याची युक्ती फॉरसाइथ नावाच्या एका स्कॉटिश पाद्र्याने काढली व १८०७ साली तिचे पेटंट घेतले. तांब्याच्या इवल्याशा टोपीच्या, म्हणजे केपाच्या, रूपाने ती १८२० नंतर पसरली. आता मायनाक भंडारी हे शिवछत्रपतींचे दर्यासारंग. खांदेरीवर इंग्रजांशी त्यांची झुंज झाली ती १६७९ साली. आमच्या घरच्या बंदुकीस केप बसविण्याची पोकळ खुंटी आहे, आणि पितळेची पट्टी घासली म्हणजे इंग्रजी 'टॉवर' हा शब्दही अंधुक दिसतो. मग ती खांदेरीवर गेली असणे शक्य नाही. जुन्या गारगोटीच्या बंदुकांना पुढे केपाचा घोडा बसवीत, हे खरे. पण त्या सवलतीनेही आपण आरमारापर्यंत पोहोचत नाही.

ह्याचा अर्थ आपल्या किनाऱ्याचा बंदुकीशी संबंध अलीकडचा, असा मात्र नव्हे. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवे घेतले, आणि तेथील कारागिरांच्या बंदुकांची प्रशंसा आल्बुकर्कने आपल्या राजास पत्राने कळविली. १५४३ साली पोर्तुगीजांबरोबर जी बंदूक जपानच्या तानेगाशिमा बेटावर उतरली, तिची रचना गोव्याकडील बंदुकांच्या जातीची होती, असे अभ्यासक मानतात. मुंबईत गव्हर्नर अंजियर ह्याने उभारलेल्या पथकात आपले ज्ञातिबांधव इतके होते की त्यास भंडारी मिलिशिया हेच नाव पडले. तेव्हा पराक्रम होता. फक्त तो ह्या बंदुकीचा नव्हे.

मग ही घरात आली आणि राहिली कशी ? सत्तावनच्या उठावानंतर सरकारने लोकांची शस्त्रे काढून घेण्याचा सपाटा लावला. १८६० चा कायदा झाला, पाठोपाठ १८७८ चा. परवान्यावाचून हत्यार बाळगणे हिंदी माणसास गुन्हा ठरले व गोऱ्यास सूट मिळाली. ह्या कायद्याविरुद्ध १८८७ च्या मद्रास काँग्रेसमध्ये ठराव झाला, आणि आश्चर्य वाटेल, पण १९३० साली महात्माजींनी सरकारपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांत आत्मरक्षणार्थ शस्त्रपरवान्यांची मागणीही होती. अशा काळात ज्या बंदुका टिकल्या त्यांतील पुष्कळशा रानडुकरांच्या कृपेने टिकल्या ! आमच्या जुन्या परवान्यावर कारण स्पष्ट लिहिलेले आहे : शेतीसंरक्षण.

तीर्थरूप ती ठाशीत असता मी शेजारी उभा राहत असे. सोरा, गंधक व कोळसा ह्यांची काळी दारू मापाने नळीत ओतावयाची, वर काथ्याचा बोळा गजाने ठोकून बसवावयाचा, मग छर्रे, पुन्हा बोळा. पावसाळी हवेत दारू सर्दावली की नुसता केप वाजे आणि डुक्कर शांतपणे नाचणी खात राही. बार उडालाच तर धुराने क्षणभर शेतच दिसेनासे होई.

परदेशी ह्याच जुन्या बंदुका उडविण्याचा छंद मोठा आहे. १९७१ पासून त्यांची आंतरराष्ट्रीय संघटना आहे, नेमबाजीच्या स्पर्धा होतात. जपानात तर उत्सवांतून जुना पोशाख घालून तोड्याचे बार काढतात. आपल्याकडे तसे करता येणार नाही. दारूलाही परवाना लागतो, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा विषयच संपला. बंदूक जपणे एवढेच हाती उरते, आणि तेही सोपे नाही. विधानसभेच्या २०१४ व २०१९ च्या निवडणुका ऑक्टोबरात, ऐन भातकापणीत आल्या. नियमाप्रमाणे बंदूक ठाण्यात जमा केली, व दोन्ही वर्षी खंडेनवमीस आम्ही नुसता गजच पुजला. एकदा ती परत आली तेव्हा नळीवर तांबेरा चढला होता.

ज्ञातिबांधवांस एक गोष्ट आवर्जून सांगावयाची आहे. परवानाधारक वारला आणि मुले मुंबईत असली, की बंदूक माळ्यावर तशीच राहते. तो अपराध आहे. १९५९ च्या कायद्याने जुनाट शस्त्रास सूट दिली आहे हे खरे, परंतु दुरुस्त करूनही जे उडू शकत नाही अशालाच. आपल्या बहुतेक बंदुका उडतात. तेव्हा ती त्वरित ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवावी, आणि वारसाने आपल्या नावे परवान्याचा अर्ज करावा. दिरंगाईने गेलेली दोन घरांतील हत्यारे मला ठाऊक आहेत. ती कोणत्या घोड्याची होती हे सांगावयासही आता कोणी नाही.

गेल्या खंडेनवमीस नातवाने तोच प्रश्न केला. मी त्यास खुंटी दाखविली, 'टॉवर'ची अक्षरे वाचावयास लावली, व ही डुकरांसाठी ठेवलेली बंदूक आहे असे सांगितले. त्याचा चेहरा किंचित उतरला. थोड्या वेळाने त्याने विचारले, "मग पणजोबांनी किती डुकरे मारली ?"

एकही नाही, असे मला सांगावे लागले. पण नाचणी वाचत असे.