लष्करी वाहने वाहणाऱ्या वाघिणी व त्यांच्या प्रतिकृती

तोफा, चिलखती मोटारी, रणगाडे इ. लष्करी वाहने लोहमार्गाने नेण्यासाठी वापरावयाच्या सपाट किंवा कमी उंचीच्या कडांच्या वाघिणी आणि त्यांच्या प्रमाणबद्ध लहान प्रतिकृती. छंद म्हणून प्रतिकृती तयार करणारे लोक अशा वाघिणीवर बहुधा मनास येईल ते ऐतिहासिक वाहन चढवितात. तथापि कोणत्या वाघिणीवर कोणते वाहन बसू शकेल, हा मूलतः इतिहासाचा प्रश्न आहे. रुळांचे वजन, आसांवरील भार व वाघिणीची रुंदी यांवरून त्याचे उत्तर मिळते. महाराष्ट्रात या दृष्टीने सर्वांत उद्‌बोधक उदाहरण बार्शी लाइट रेल्वेचे आहे.

सोलापूर जिल्ह्यातील हा अरुंदमापी लोहमार्ग एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप (१८५७–१९२७) या इंग्रज अभियंत्याने उभारला. कॅलथ्रॉप १८८२ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. त्याच्या कंपनीची स्थापना १८९५ मध्ये झाली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आताचे कुर्डुवाडी, ते बार्शी हा सु. ३४ किमी. लांबीचा पहिला टप्पा खुला झाला. पुढे १९०६ मध्ये तो पंढरपूरपर्यंत, १९११ मध्ये लातूरपर्यंत व १९२७ मध्ये मिरजेपर्यंत वाढला. कुर्डुवाडीहून निघालेली गाडी मोडनिंब व आष्टीवरून, म्हणजे करकंबच्या पूर्वेकडून, पंढरपुरास जाई. करकंब, पंढरपूर या परिसरातील जुन्या पिढीच्या आठवणीत ती राहिली आहे ती वारीच्या दिवसांतील खच्चून भरलेली गाडी म्हणून. मूळ आराखड्यात युद्धाचा विचार होता, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

कॅलथ्रॉपचे सूत्र साधे होते. रुळांच्या दोन पट्ट्यांमधील अंतर ७६.२ सेंमी. (२ फूट ६ इंच) ठेवावे. दर मीटरला सु. १५ किग्रॅ. वजनाचे, म्हणजे हलके, रूळ घालावेत. आणि एंजिन असो, डबा असो वा वाघीण असो, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ देऊ नये. एंजिनाचा भार अनेक आसांवर वाटला जावा म्हणून लीड्स येथील किटसन कंपनीकडून आठ जोडलेल्या चाकांची एंजिने घेण्यात आली. वाघिणींचे सांगाडे दाबून घडविलेल्या पोलादाचे आणि एकाच मापाचे, २५ फूट लांब व ७ फूट रुंद होते. सांगाडा हलका असल्यामुळे तेवढाच अधिक माल भरता येई. माप एक असल्यामुळे गाडीची जुळवाजुळवही सुलभ होई, आणि घाईच्या लष्करी हालचालींत या गोष्टीला मोठे महत्त्व असते. हिंदुस्थानात पाठविण्यापूर्वी ही सामग्री लीड्सजवळील न्यूले येथे तात्पुरत्या मार्गावर चालवून दाखविण्यात आली. सैनिक, सामग्री व जनावरे या पद्धतीने कितपत हलविता येतात, याची चाचणी ब्रिटिश युद्धखात्यानेही घेतली. बार्शीचा मार्ग हा अशा रीतीने युद्धोपयोगी लोहमार्गाचा पूर्ण आकारातील नमुनाच होता, असे म्हणता येईल.

या मापाला सरहद्दीवर खरी मान्यता मिळाली. काल्का–सिमला मार्ग प्रारंभी दोन फुटी योजला होता. सैन्याच्या आग्रहामुळे १९०१ मध्ये तो अडीच फुटी करण्याचे ठरले. वायव्य सरहद्दीवरील नौशेरा–दरगाई व कोहाट–थल हे मार्गही याच मापाचे होते. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये मात्र ब्रिटिश सैन्याने फ्रेंचांप्रमाणे ६० सेंमी. माप स्वीकारले. कॅलथ्रॉपच्या सिद्धांताची जेथे कसोटी लागावयाची, तेथे तो वापरलाच गेला नाही.

याच युद्धात रणगाडा अवतरला आणि वाघिणींचे गणित बदलले. १९१६ चे पहिले ब्रिटिश रणगाडे सु. २८ टन वजनाचे होते. त्यांच्या दोन्ही कुशींना जोडलेले तोफांचे कोठे काढून ठेवल्याशिवाय ते रुंद लोहमार्गावरूनही नेता येत नसत. बार्शीच्या वाघिणीस चार आस, म्हणजे तिच्या स्वतःच्या वजनासह भाराची मर्यादा २० टन. दुसऱ्या महायुद्धातील व नंतर भारतीय सैन्यातही वापरात असलेला शर्मन रणगाडा सु. ३० टनांचा व सु. २·६ मी. रुंदीचा आहे. ७ फुटी, म्हणजे सु. २·१३ मी. रुंदीच्या, वाघिणीवर तो दोन्ही बाजूंनी बाहेर येईल. त्याआधी रूळच दबतील. याउलट रोल्स-रॉइस चिलखती मोटार सु. ४·७ टन वजनाची, ४·९३ मी. लांब व १·९३ मी. रुंद. ती या वाघिणीवर नीट बसते. अशी मोटार व निरनिराळ्या काळांतील रणगाडे अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील, १९९४ मध्ये स्थापन झालेल्या रणगाडा संग्रहालयात पाहावयास मिळतात. प्रतिकृतिकाराने मापे घेण्यासाठी तेथे अवश्य जावे.

प्रतिकृतींमध्ये १ : ७६ हे प्रमाण सोयीचे पडते, कारण या प्रमाणातील लष्करी वाहनांचे जुळणीसंच १९६० नंतरच्या दशकात बाजारात सुलभ झाले. त्या प्रमाणात बार्शीची वाघीण सु. १०० मिमी. लांब व २८ मिमी. रुंद होते, चिलखती मोटार ६५ मिमी. लांब व २५ मिमी. रुंद येते. दोन्ही बाजूंस दीड मिमी. उरतो आणि साखळ्या व चाकांखालचे अडथळे दाखविण्यास तेवढा पुरतो. रुळांमधील अंतर १० मिमी. हवे, परंतु तयार मिळणारा मार्ग ९ मिमी.चा असतो. बहुतेक जण ही तफावत सोसतात. काटेकोर कारागीर रूळ स्वतः बसवितो. अशी वाघीण तयार विकत मिळत नाही. पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्ट्या कापून सांगाडा घडवावा लागतो आणि दाबीव पोलादाचा मध्यभागी खोल होत जाणारा आकार साधणे, हे त्यातील अवघड काम. पुण्याच्या कोथरूड भागात १९९८ मध्ये सुरू झालेल्या जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयाने या छंदाची ओळख मराठी प्रेक्षकांस करून दिली.

बार्शी लाइट रेल्वे १९५४ मध्ये सरकारने खरेदी केली व ती मध्य रेल्वेत विलीन झाली. कुर्डुवाडी–पंढरपूर, लातूर व मिरज या शाखा एकविसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत टप्प्याटप्प्याने रुंदमापी झाल्या. नव्या मार्गावर शर्मनहून जड रणगाडेही जाऊ शकतात. अडीच फुटी रूळ मात्र उखडले गेले आहेत.