बोटाच्या पेरावर मावेल एवढी लिपी

१८२९ साली पॅरिस येथे एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध झाले. शब्द, संगीत आणि चर्चमधील साधे धर्मगान ठिपक्यांच्या साहाय्याने कसे लिहावे, असा त्याच्या लांबलचक शीर्षकाचा आशय होता आणि हे सारे अंधांसाठी होते. लेखक लुई ब्रेल तेव्हा वीस वर्षांचा होता. मात्र पुस्तकात वर्णिलेली लिपी त्याने पंधराव्या वर्षीच, १८२४ च्या सुमारास, बव्हंशी सिद्ध केली होती. गंमत अशी, की हे पुस्तक छापले गेले ते उठावदार रोमन अक्षरांत, म्हणजे ज्या पद्धतीला ते पर्याय देऊ पाहत होते त्याच पद्धतीत! ब्रेल हे नाव आज कोणाला ठाऊक नाही? परंतु आपण त्याची कथा बहुधा करुणेची कथा म्हणून सांगतो. आमच्या मते ती एका काटेकोर बुद्धीची कथा आहे आणि ती बुद्धी डोळस हितचिंतकांच्या गळी उतरावयास तीस वर्षे लागली, हा तिच्यातील बोचणारा भाग आहे.

लुईचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी कुव्रे या खेड्यात झाला. हे गाव पॅरिसच्या पूर्वेला सुमारे ४० किलोमीटरवर आहे. वडील घोड्यांचे खोगीर व लगाम बनवीत. तीन वर्षांचा लुई त्यांच्या कामाच्या जागी आरीशी खेळत असता ती डोळ्यात घुसली. जखम चिघळली, दोष दुसऱ्या डोळ्यातही गेला आणि पाच वर्षांचा होईतो मुलाची दृष्टी पूर्णपणे गेली. आईवडिलांनी मात्र त्याला कोपऱ्यात बसवून ठेवले नाही. गावचे धर्मगुरू फादर पाल्वी यांनी त्याला शिकविण्यास आरंभ केला, पुढे तो गावच्या शाळेत डोळस मुलांबरोबर बसू लागला आणि १८१९ साली, दहाव्या वर्षी, पॅरिसच्या राजकीय अंधशाळेत दाखल झाला.

ही शाळा व्हॅलेंटिन आउई यांनी १७८५ च्या सुमारास सुरू केलेली. लुई तेथे गेला तेव्हा ती सेंट फर्मिन या जुन्या सेमिनरीच्या दमट इमारतीत भरत असे. त्या वास्तूविषयी दोन शब्द लिहिण्याचा मोह आम्हांला आवरत नाही. ज्या संत विन्सेंट द पॉल यांच्या नावाने आपल्या धर्मग्रामांत गरिबांची सेवा चालते, त्यांचे कार्य एके काळी तेथूनच चाले. आणि राज्यक्रांतीच्या काळात, सप्टेंबर १७९२ मध्ये, तेथे कोंडलेल्या धर्मगुरूंची कत्तल झाली. त्या महिन्यातील हुतात्म्यांना १९२६ साली पोप पायस अकरावे यांनी धन्यवादित घोषित केले. त्याच भिंतींच्या आत काही वर्षांनी आंधळी मुले अक्षरे चाचपू लागली.

अक्षरे चाचपणे हाच शब्द योग्य. आउई यांच्या पद्धतीत जाड कागदावर रोमन अक्षरांचा मोठा उठाव काढलेला असे. प्रत्येक अक्षराची वळणे बोटाने शोधून काढावी लागत; वाक्य संपेपर्यंत त्याचा आरंभ विसरावा, अशी गती. पुस्तके अवजड, महाग आणि मोजकीच. सर्वांत मोठी उणीव म्हणजे या पद्धतीने मुलाला स्वतःला सहजपणे काही लिहिता येत नसे. आउई यांचा हेतू उदात्त होता यात शंका नाही. परंतु अक्षर म्हणजे डोळ्याला दिसणारी आकृती, हे त्यांनी गृहीत धरले होते.

१८२१ साली शार्ल बार्बिये या तोफखान्यातील माजी अधिकाऱ्याने एक वेगळी पद्धत शाळेपुढे मांडली. नेपोलियनच्या सैनिकांना अंधारात संदेश वाचता यावेत म्हणून ती निर्माण झाली, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. ज्या अभ्यासकांनी बार्बिये यांचे लेखन तपासले त्यांना तिला आधार आढळला नाही. असो. त्या पद्धतीत रेषांऐवजी उठावदार ठिपके होते, आणि बोटाला रेषेपेक्षा ठिपका चटकन कळतो, हे मोठेच सत्य त्यात होते. फ्रेंच भाषेतील ध्वनींचा एक तक्ता. ध्वनी तक्त्याच्या कितव्या ओळीत आणि कितव्या स्थानी आहे ते ठिपक्यांच्या दोन उभ्या रांगांनी दाखवावयाचे. एकेका रांगेत सहापर्यंत ठिपके, म्हणजे एका खुणेत बारापर्यंत.

लुईने ही पद्धत आत्मसात केली आणि तिचे दोष हेरले. सहा ठिपक्यांची उंची बोटाच्या टोकाखाली एकाच वेळी मावत नाही. बोट खालीवर फिरवून ठिपके मोजावे लागतात, म्हणजे वाचन न होता गणतीच होते. शिवाय ही पद्धत ध्वनी लिहिते, शब्दांचे शुद्धलेखन नाही. विरामचिन्हांची आणि संगीताची सोय नाही. अंध माणसाने निरोप वाचला म्हणजे झाले, एवढ्यावर बारा वर्षांचा हा विद्यार्थी समाधानी नव्हता. त्याला डोळस माणसाला मिळते ती सर्व भाषा हवी होती.

पुढील तीन वर्षे अभ्यासातून उरलेल्या वेळात, सुट्टीत गावी गेला असतानाही, तो कागद टोचत राहिला. त्याची प्रयोगशाळा म्हणजे स्वतःचे बोट. अखेर त्याने खुणेची उंची निम्म्यावर आणली: दोन रांगा, प्रत्येकी तीन जागा, एकूण सहा. बोट न हलवता संपूर्ण खूण एका स्पर्शात कळते. ठिपका असणे वा नसणे यांतून या सहा जागांवर ६३ निरनिराळ्या खुणा होतात. त्यांची रचनाही पाहण्यासारखी आहे. पहिली दहा अक्षरे केवळ वरच्या चार जागांवर बसविली. पुढच्या दहांत त्याच आकृत्यांना खालचा डावा ठिपका जोडला. त्यानंतरच्या अक्षरांत खालचे दोन्ही. दहा खुणा शिकलेल्या मुलाला बाकीच्या निम्म्या येतातच. लिहिण्याचे साधन म्हणजे खाचांची पाटी आणि एक टोचणी. कागद मागून टोचावयाचा असल्याने लिहिताना उजवीकडून डावीकडे जावे लागते. पान उलटले की वाचन डावीकडून. ज्या हत्याराने त्याचे डोळे घेतले, जवळजवळ तसलेच हत्यार त्याच्या हाती आले.

विज्ञान प्रदर्शनांत परीक्षक म्हणून बसण्याचा योग आम्हांला अधूनमधून येतो. मुलांचे हात कुशल असतात, रंगरंगोटी उत्तम असते. पण ही वस्तू कोणाला हवी आहे, असे विचारले की बरेचदा उत्तर येत नाही. लुईला हा प्रश्न विचारावा लागला नसता.

१८२९ च्या पुस्तकात त्याने बार्बिये यांचे ऋण मोकळेपणाने मान्य केले. पुढे ब्रेल त्याच शाळेत शिक्षक झाले. चर्चमध्ये ऑर्गनवादक म्हणूनही त्यांनी सेवा केली. १८३७ साली सुधारित आवृत्ती निघाली. मुलांनी लिपी उचलून धरली, कारण तिच्यामुळे त्यांना प्रथमच टिपणे काढता आली, एकमेकांना पत्रे लिहिता आली, स्वतःचे लिहिलेले पुन्हा वाचता आले. संचालक पिन्ये यांचा पाठिंबा होता. मात्र १८४० मध्ये ते पदावरून गेले आणि त्यांच्या जागी आलेल्या द्युफो यांनी ठिपक्यांना शाळेत मज्जाव केला. अंधांची लिपी वेगळी झाली तर ते समाजापासून तुटतील, हा डोळसांचा जुना आक्षेप होता. तो सर्वथा पोकळ नव्हता, हे न्यायाने म्हटले पाहिजे. परंतु आपल्याला वाचता येत नाही म्हणून ते लेखनच नव्हे, असे मानण्याचा अहंकारही त्यात होता. मुले चोरून ठिपके टोचत राहिली. शेवटी द्युफो यांचे साहाय्यक ग्वादे यांनी त्यांचे मन वळविले आणि १८४४ साली नव्या इमारतीच्या उद्घाटनप्रसंगी या लिपीचे जाहीर प्रात्यक्षिक झाले.

ब्रेल तोवर क्षयाने खंगले होते. ६ जानेवारी १८५२ रोजी, तीन राजांच्या सणादिवशी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. शाळेने त्यांची लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती १८५४ मध्ये. १८७८ च्या पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय परिषदेनेही तिलाच कौल दिला.

भारतात अंधशिक्षणाची सुरुवात मिशनरी भगिनींनी केली: १८८७ साली अमृतसरला ॲनी शार्प यांनी, १९०० मध्ये मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलार्ड यांनी. प्रांतोप्रांती ठिपक्यांच्या निरनिराळ्या पद्धती निघाल्याने गोंधळ होता; तो १९५१ साली भारतीय भाषांसाठी समान अशा भारती ब्रेलने मिटविला. तीत आपला ‘क’ म्हणजे त्या फ्रेंच मुलाचा ‘के’च, ‘म’ म्हणजे त्याचा ‘एम’. देवनागरीत ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी दिसते. ब्रेलमध्ये ती उच्चाराप्रमाणे ‘क’ च्या नंतर येते.

१९५२ साली, मृत्यूला शंभर वर्षे झाली तेव्हा, फ्रान्सने ब्रेल यांचे अवशेष पॅरिसच्या पाँथेऑनमध्ये सन्मानाने हलविले. हेलन केलर त्या सोहळ्यासाठी आल्या होत्या. कुव्रेच्या गावकऱ्यांनी मात्र त्यांचे हात परत ठेवून घेतले. ते गावच्या दफनभूमीत त्यांच्या मूळ थडग्यावरील एका लहान कलशात आहेत.