गुंग महालातली मुलं

माणूस बोलायला शिकतो ते ऐकून, असं अकबराचं म्हणणं होतं. दरबारातल्या काहींना ते पटेना. मग त्याने प्रयोगच केला. बदायुनी लिहितो, की सुमारे वीस तान्ही मुलं पैसे देऊन आयांकडून घेतली आणि वस्तीपासून दूर एका घरात ठेवली. दाया होत्या, पण बोलणं शिकवायचं नाही असा हुकूम. त्या घराला नाव पडलं गुंग महाल.

ऑगस्ट १५८२ मध्ये बादशहा तिथे गेला. मुलं चार वर्षांची झाली होती. अबुल फजल सांगतो, मुक्यांच्या आवाजापलीकडे काही ऐकू आलं नाही. बदायुनीची नोंद आणखी जड आहे: त्यातली बरीच मुलं दगावली.

मी सॉफ्टवेअर लिहितो. इनपुट नाही तर आउटपुट नाही, हे आमचं रोजचंच. पण सर्व्हरला डेटा उद्या दिला तरी चालतो. मेंदूचं तसं नाही. भाषा शिकण्याचा काळ मर्यादित असतो, असं एरिक लेनेबर्गने १९६७ मध्ये मांडलं. १९७० मध्ये लॉस एंजेलिसजवळ एक तेरा वर्षांची मुलगी सापडली, जिला बापाने खोलीत कोंडून ठेवलं होतं. नंतर ती खूप शब्द शिकली, पण वाक्याचं व्याकरण तिला कधीच नीट जमलं नाही.

म्हणजे अकबर बरोबर? अर्धाच. निकाराग्वात १९७७ नंतर मानाग्वाच्या शाळांत बहिरी मुलं पहिल्यांदाच मोठ्या संख्येने एकत्र आली. शिक्षक ओठ वाचायला शिकवत होते. मुलांनी मात्र आपापसांत खाणाखुणांची एक नवी भाषा घडवली, आणि धाकट्या मुलांनी तिचं व्याकरण आणखी पक्कं केलं. कानांशिवाय भाषा आली. माणसांशिवाय ती येत नाही.

गुंग महालात सगळ्यांनी फक्त कान लावले. मुलांचे हात काय करत होते, हे ना अबुल फजलने लिहिलं ना बदायुनीने.

आपल्याकडे अजूनही म्हणतात, "बोलेल उशिरा, त्याचा बापही उशिराच बोलला." कधी ते खरंही ठरतं. पण मूल जर बहिरं असेल, तर भरल्या घरात, प्रेमाच्या माणसांत त्याचा गुंग महाल होतो. ऐकू येतं का ते पहिल्या काही महिन्यांतच तपासता येतं. यंत्र मिळेपर्यंत, आणि मिळाल्यावरही, हातांनी बोलता येतं. त्या वीस मुलांना कुणी विचारलं नव्हतं. आपल्याला निदान माहीत तरी आहे.