सोळा पेन्स कीं अठरा पेन्स ?

रुपया आणि पौंड या दोन नाण्यांच्या परस्पर किंमतीला व्यापारी मंडळी हुंडणावळीचा दर असें म्हणत. हा विषय पेढीवरचा, सामान्य प्रपंची माणसाला त्याचें काय, असें प्रथमदर्शनीं वाटतें. परंतु या दरांतील अवघ्या दोन पेन्सांवरून एके काळीं हिंदुस्थानांत मोठें वादळ उठलें होतें. आणि त्या दोन पेन्सांचा हिशेब शेवटीं शेतकऱ्याच्या खळ्यापर्यंत जाऊन पोंचला होता.

१८३५ सालच्या कायद्यानें कंपनीच्या साऱ्या मुलखांत १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया सुरू झाला. त्यांत १६५ ग्रेन शुद्ध रुपें असे. इंग्लंडचा पौंड मात्र सोन्याचा. त्याचे शिलिंग २० आणि प्रत्येक शिलिंगाचे पेन्स १२. अर्थात् रुप्याचा सोन्याशीं जो भाव, तोच रुपयाचा पौंडाशीं. १८७० च्या सुमारास रुपयाला जवळजवळ २ शिलिंग मिळत, म्हणजे पौंडाला सुमारें १० रुपये पडत. पुढें जर्मनीनें सोन्याचें चलन स्वीकारून आपलें रुपें विकावयास काढलें, फ्रान्सादि देशांनीं रुप्याचीं नाणीं पाडणें आवरतें घेतलें, आणि अमेरिकेच्या खाणींतून रुप्याचा ओघ तर वाढतच गेला. रुपें उतरलें, तसा रुपयाहि उतरला. १८९२-९३ सालीं त्याची सरासरी किंमत १५ पेन्सांवर आली.

या घसरणीचा पहिला धक्का सरकारी तिजोरीला बसला. व्याज, पेन्शनें आणि लष्करी खर्च यांसाठीं हिंदुस्थान सरकारला दरवर्षीं विलायतेंत पौंड पाठवावे लागत. १८९२-९३ सालीं ही रक्कम सुमारें १ कोटि ६५ लक्ष पौंड होती. तिच्यासाठीं साडेसव्वीस कोटि रुपये खर्चीं पडले. वीस वर्षांपूर्वींच्या दरानें तें काम पावणेअठरा कोटींत भागलें असतें. ही तूट अर्थातच रयतेच्या करांतून भरून निघावयाची. गोऱ्या अधिकाऱ्यांना मात्र १८९३ पासून हुंडणावळीच्या नुकसानीबद्दल खास भत्ता मिळूं लागला !

त्याच वर्षीं, २६ जून रोजीं, सरकारनें टांकसाळी बंद केल्या. तोंवर कोणीहि रुपें नेऊन द्यावें आणि त्याचे रुपये पाडून घ्यावे, अशी मोकळीक होती. ती जातांच रुपया दुर्मिळ झाला आणि त्याची किंमत आंतील रुप्याहून अधिक ठरूं लागली. १८९९ सालीं १५ रुपयांस १ पौंड, म्हणजे रुपयास १६ पेन्स, हा दर कायम करण्यांत आला, व पहिल्या महायुद्धापर्यंत तो टिकला. युद्धकाळांत रुपें कडाडलें. १९१९ च्या अखेरीस रुपया २८ पेन्सांवर गेला, आणि १९२१ सालीं पुनः सोळांच्याहि खालीं कोसळला. चढत्या दराच्या भरंवशावर विलायती मालाच्या मागण्या नोंदविणारे कित्येक व्यापारी त्यांत बुडाले.

आतां दर कोठें स्थिर करावयाचा, हा प्रश्न हिल्टन यंग आयोगापुढें आला. आयोगानें १९२६ सालीं अठरा पेन्सांची शिफारस केली. सर पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांनीं भिन्नमतपत्रिका जोडून सोळांचा आग्रह धरला. फरक कागदावर दोन पेन्सांचा. परंतु विलायतेंत एक पौंड किंमत येणारा कापूस सोळांच्या दरानें १५ रुपये देई, अठरांच्या दरानें १३ रुपये ५ आणे ४ पै. शेतसारा आणि सावकाराचें देणें मात्र रुपयांतच ठरलेलें. त्यांतली एक पैहि कमी होणार नव्हती. उलट विलायती कापड त्याच हिशेबानें स्वस्त, आणि मुंबईच्या गिरण्यांना स्पर्धा अधिक कठीण. सरकारपक्षाचें म्हणणें असें कीं, भाव आणि मजुरी यांनीं अठराशीं जुळवून घेतलेंच आहे. वादाला याहून खोल बाजूहि होती. डॉ. आंबेडकरांनीं १९२३ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें होतें कीं, हुंडणावळीच्या स्थैर्यापेक्षां देशांत रुपयाला किती जिन्नस मिळतो, याचें स्थैर्य महत्त्वाचें.

१९२७ सालीं कायदेमंडळांत थोडक्या मतांच्या फरकानें अठरांचाच दर मंजूर झाला. दोनच वर्षांनीं जगभर मंदी आली. पिकांचे भाव गडगडले. १९३१ नंतर सोन्याला चढा भाव येतांच घरोघरचे दागिने मोडीत निघाले, आणि तें सोनें परदेशीं गेलें. मंदीचा सारा दोष या दराच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं; पण उतरत्या भावाच्या काळांत चढा दर शेतकऱ्याला अधिकच जड गेला, हें खरें.

स्वातंत्र्यानंतरहि हा दर तसाच चालला. १९४९ सालीं पौंडाबरोबर रुपयाचेंहि अवमूल्यन झालें, त्यामुळें उभयतांचें नातें बदललें नाहीं. ६ जून १९६६ रोजीं पौंड २१ रुपयांचा झाला, आणि १९७५ सालीं रुपयाची पौंडाशीं बांधलेली गांठच सोडण्यांत आली. कायदेमंडळांत १९२७ सालीं मतें मोजलीं गेलीं, तेव्हां ज्याच्या खळ्यावरचा हा हिशेब होता, त्या शेतकऱ्याला मताचा अधिकारहि क्वचितच होता.