एकल मालकीचा व्यवसाय : नफा एकट्याचा, जोखीम घरादाराची

पुणे-सोलापूर महामार्गावरील यवत आणि परिसरातील केडगाव, राहू ही गावे गुऱ्हाळांसाठी परिचित आहेत. गुऱ्हाळ असो, महामार्गालगतचे हॉटेल असो की खतांचे दुकान. छोट्या व्यवसायांचे सर्वाधिक प्रचलित स्वरूप एकल मालकीचे, म्हणजेच प्रोप्रायटरशिपचे असते. त्यासाठी कंपनीप्रमाणे स्थापनेची नोंदणी लागत नाही, निर्णय झटपट होतात आणि नफ्यात वाटेकरी नसतो. मात्र कायद्याच्या दृष्टीने मालक आणि व्यवसाय एकच असतात. या स्वरूपाचे बहुतेक तोटे याच तत्त्वातून उद्भवतात.

अमर्याद दायित्व

गुळाचे पैसे हाती येण्यापूर्वीच गुऱ्हाळमालकाला ऊस, मजुरांची उचल, काहिली आणि चरक यांवर खर्च करावा लागतो. गुळाचा दर घसरून देणी थकली, तर ती केवळ गुऱ्हाळाच्या मालमत्तेपुरती मर्यादित राहत नाहीत. न्यायालयाचा हुकूमनामा झाल्यास मालकाच्या वैयक्तिक ठेवी, वाहन, प्लॉट यांवरही जप्ती येऊ शकते. कामगार उकळत्या रसाने भाजल्यास भरपाईची जबाबदारीही मालकावर व्यक्तिशः येते.

भांडवलाची मर्यादा

एकल मालकाला भागभांडवल उभारता येत नाही. कर्ज मिळते ते त्याची पत आणि तारण पाहून. खरेदी, विक्री, हिशेब सारे एकाच व्यक्तीवर अवलंबून असल्याने तिचे आजारपण ऐन हंगामात व्यवसाय ठप्प करू शकते.

मृत्यूनंतर काय?

मालकाच्या निधनाबरोबर एकल मालकीही कायद्याने संपते. वस्तू व सेवा कराची नोंदणी मालकाच्या पॅनवर असल्याने व्यवसाय पुढे चालविणाऱ्या वारसाला नवी नोंदणी घ्यावी लागते. शिल्लक कर-वजावट 'आयटीसी-०२' अर्जाद्वारे त्याच्याकडे वर्ग होते. मार्च २०१९ च्या परिपत्रकाने ही प्रक्रिया स्पष्ट केली आहे. मृत मालकाची करथकबाकीही व्यवसाय चालविणाऱ्या वारसाकडून वसूल होऊ शकते. बँकेतील नामनिर्देशित व्यक्तीला खात्यातील रक्कम मिळते. ते खाते चालविण्याचा अधिकार मिळत नाही.

कराचा भार

व्यवसायाचा नफा हे मालकाचेच उत्पन्न धरले जाते. स्वतःला दिलेला पगार खर्च म्हणून दाखविता येत नाही. उत्पन्न कमी असताना वैयक्तिक टप्पे लाभदायक ठरतात. परंतु २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत २४ लाख रुपयांवरील उत्पन्नावर ३० टक्के दर लागू आहे. कंपन्यांना मात्र अटींच्या अधीन राहून २२ टक्के दराचा पर्याय आहे.

पर्याय कोणते?

१९३२ च्या कायद्यानुसार होणाऱ्या साध्या भागीदारीतही दायित्व अमर्यादच राहते. मर्यादित दायित्व भागीदारी (२००८ चा कायदा) किंवा एक व्यक्ती कंपनी (कंपनी कायदा, २०१३) यांत ते मर्यादित होते. एक व्यक्ती कंपनीत वारसदार म्हणून नामनिर्देशन बंधनकारक असते. तिच्यावरील भांडवल व उलाढालीची मर्यादा एप्रिल २०२१ पासून उठविण्यात आली. अर्थात वार्षिक विवरणपत्रे आणि लेखापरीक्षणाचा खर्च वाढतो. शिवाय बँकेने कर्जासाठी वैयक्तिक हमी घेतल्यास तेवढ्यापुरते संरक्षण उरत नाही.

एकल मालकीच कायम ठेवायची असेल, तर घर आणि धंद्याचा हिशेब वेगळा ठेवणे, कामगारांचा व मालमत्तेचा विमा उतरविणे, मृत्युपत्र करणे आणि घरातील एका सज्ञान व्यक्तीला देणी-घेणी माहीत असणे, एवढी तरतूद आवश्यक ठरते.