हुजूर पक्षातल्या एका युक्तिवादाची कुळकथा

ऑक्टोबर २०११ मध्ये मँचेस्टरला ब्रिटनच्या हुजूर पक्षाचं वार्षिक अधिवेशन भरलं होतं. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी व्यासपीठावरून सांगितलं, की समलिंगी विवाहाला माझा पाठिंबा आहे तो मी परंपरावादी असूनही नव्हे, तर परंपरावादी आहे म्हणूनच. माणसं एकमेकांना शब्द देतात, एकमेकांना आधार देतात, तेव्हा समाज बळकट होतो, हे त्यांनी दिलेलं कारण. तेव्हापासून हा युक्तिवाद कॅमेरून यांच्याच नावावर जमा आहे. पण त्याचं कूळ शोधायला गेलं तर अर्धशतक मागे जावं लागतं. वाटेत जी माणसं भेटतात, त्यांतल्या काहींना या पक्षानं बाहेर काढलं होतं आणि काहींना वर्षानुवर्षं उंबऱ्यावर ताटकळत ठेवलं होतं.

या कुळाच्या दोन शाखा आहेत. थोरली शाखा खासगीपणाची. १९५४ मध्ये हुजूर सरकारच्याच गृहमंत्र्यांनी, डेव्हिड मॅक्सवेल फाइफ यांनी, जॉन वुल्फेंडन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. समलिंगी पुरुषांवर तेव्हा खटल्यांचा सपाटा चालू होता आणि गृहमंत्री काही उदारमतवादी म्हणून ओळखले जात नव्हते. तरी सप्टेंबर १९५७ च्या अहवालात समितीनं शिफारस केली, की एकवीस वर्षांवरील दोन पुरुषांनी परस्परांच्या संमतीनं एकांतात केलेली कृती गुन्हा ठरू नये. माणसाच्या आयुष्याचा काही भाग असा असतो, की तिथं कायद्याला काम नाही, हे त्यामागचं सूत्र. सरकारनं माणसाच्या घरात नाक खुपसू नये, हे तर हुजूर पक्षाचं जुनंच तत्त्व. पण स्वतःच्याच तत्त्वातून निघालेला हा निष्कर्ष पक्षाला पचला नाही. अहवाल बासनात गेला.

अहवालानंतर चौदा महिन्यांनी, १९ नोव्हेंबर १९५८ च्या रात्री, लंडनच्या सेंट जेम्स पार्कमध्ये झुडपांआड एक गृहस्थ आणि राणीच्या पहारा पलटणीतला एक तरुण सैनिक एकत्र सापडले. गृहस्थ होते इयन हार्वी, हॅरो ईस्टचे हुजूर खासदार आणि परराष्ट्र खात्यातले कनिष्ठ मंत्री. कोर्टात उद्यानाचे नियम मोडल्याबद्दल पाच पौंड दंड झाला, एवढंच. त्या सैनिकाचा दंडही हार्वी यांनीच भरला. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. स्वतःचं सगळं बुडत असताना त्या पोराचा विचार त्यांच्या मनात आला. मंत्रिपद गेलं, खासदारकी गेली, जुने स्नेही रस्ता ओलांडून पलीकडून जाऊ लागले. पाच पौंडांच्या गुन्ह्याला जन्मभराची शिक्षा झाली आणि ती कोर्टानं नव्हे, पक्षानं आणि समाजानं दिली.

पुढचं पाऊल लँकेस्टरचे हुजूर खासदार हंफ्री बर्कली यांनी टाकलं. वुल्फेंडन यांच्या शिफारशी कायद्यात आणणारं खासगी विधेयक त्यांनी मांडलं. फेब्रुवारी १९६६ मध्ये दुसऱ्या वाचनात ते १६४ विरुद्ध १०७ मतांनी संमतही झालं. पण मार्चमध्ये सार्वत्रिक निवडणूक लागली आणि बर्कली पडले. या विधेयकानंच आपल्याला पाडलं, असं ते म्हणत राहिले. विधेयक मग मजूर पक्षाचे लिओ एब्स यांनी हाती घेतलं आणि १९६७ मध्ये इंग्लंड आणि वेल्सपुरता कायदा झाला. एब्स यांच्या बाजूनं मत देणाऱ्या मोजक्या हुजूर खासदारांत मार्गारेट थॅचर होत्या, हे आज सांगितलं तर अनेकांना खरं वाटत नाही.

१९७५ मध्ये रेडिंग विद्यापीठातले राज्यशास्त्राचे प्राध्यापक पीटर कॅम्पबेल यांनी पक्षातल्या समलिंगी सभासदांचा गट उभा केला. नाव साधंच: समलिंगी समानतेसाठी हुजूर गट. समलिंगी चळवळीतले डावे त्यांना विचारत, तुम्ही त्या पक्षात राहताच कशाला? पक्षातले लोक विचारत, हे आमच्यात आलेच कसे? दोन्हीकडून बोलणी खात हा गट टिकला, आणि त्याला मी लाचारी म्हणणार नाही. आपला पक्ष आपण सोडायचा नाही, उलट पक्षालाच त्याचं तत्त्व आठवून द्यायचं, यासाठी वेगळी चिकाटी लागते. १९८० मध्ये या गटाच्या अध्यक्षपदी आले इयन हार्वी. ज्या पक्षानं वाऱ्यावर सोडलं, त्याच पक्षाला समजावण्यासाठी त्यांनी आपली उतारवयातली वर्षं दिली.

मात्र खासगीपणाच्या शाखेत एक उणीव पहिल्यापासून होती. तिनं समलिंगी माणसांना दार लावून घेण्याचा हक्क दिला, दार उघडून चारचौघांत यायचा नाही. स्त्रियांना तर त्यातून काहीच मिळालं नाही, कारण दोन स्त्रियांमधला संबंध ब्रिटिश कायद्यानं कधी गुन्हा मानलाच नव्हता. त्यांचे प्रश्न मुलांच्या ताब्याचे, घराचे, आईपणाचे होते. ही उणीव १९८८ मध्ये उघडी पडली. सुझान बोशे यांचं एक डॅनिश बालपुस्तक १९८३ मध्ये इंग्रजीत आलं होतं: पाच वर्षांची जेनी, तिचे बाबा आणि बाबांचा जोडीदार यांच्या शनिवार-रविवारची, कृष्णधवल छायाचित्रांतून सांगितलेली गोष्ट. लंडनमधल्या एका शिक्षण विभागाच्या ग्रंथालयात त्याची प्रत आहे, असं कळताच वृत्तपत्रांनी रान उठवलं. १९८७ च्या ब्लॅकपूल अधिवेशनात थॅचर यांनी, मुलांना समलिंगी असण्याचा हक्क शिकवला जातोय, अशी तक्रार केली. पुढच्या वर्षी कलम २८ आलं. स्थानिक संस्थांनी समलिंगी संबंधांचा पुरस्कार करू नये आणि असं नातं हे जणू कुटुंबच आहे, असं शाळांत शिकवू नये, असा हुकूम. या कलमाखाली एकाही संस्थेवर यशस्वी खटला झाला नाही, तरी धास्तीनंच काम केलं. वर्गात दोन आयांच्या मुलाची टिंगल झाली, तरी शिक्षक गप्प बसत. १९६७ ला बाजूनं मत देणाऱ्या थॅचर इथं का पोचल्या, याचं उत्तर त्या उणिवेतच आहे. एकांतातलं नातं त्यांना चाललं. मुलाच्या पुस्तकात कुटुंब म्हणून आलेलं नाही चाललं.

धाकटी शाखा आता कुटुंबाच्याच जमिनीवर उगवली, पण अटलांटिकच्या पलीकडे. अँड्र्यू सलिव्हन हा इंग्लंडमध्ये वाढलेला, कॅथलिक, थॅचर यांना मानणारा तरुण वॉशिंग्टनमध्ये ‘द न्यू रिपब्लिक’ साप्ताहिकात लिहीत होता. ऑगस्ट १९८९ मध्ये त्यानं समलिंगी विवाहाची परंपरावादी बाजू मांडणारा लेख लिहिला. एड्सचे दिवस होते. जोडीदार मरणपंथाला असताना दुसऱ्याला नातेवाईक म्हणून दवाखान्यात प्रवेश नसे; माणूस गेला की घरचे येऊन बिऱ्हाड उचलून नेत. सलिव्हन यांचं म्हणणं असं: सहजीवनाच्या सैल, अर्ध्यामुर्ध्या कायदेशीर सोयी काढत बसाल तर लग्नच खिळखिळं होईल. स्थैर्य, जबाबदारी, आजारपणात एकमेकांची सेवा हे तुम्हाला प्रिय असेल, तर समलिंगी जोडप्यांनाही लग्नाचंच बंधन घाला. चळवळीतले अनेकजण खवळले. आम्हाला तुमच्यासारखं व्हायचंच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पण पेच परंपरावाद्यांसमोर पडला होता. कुटुंब इतकं मोलाचं, तर मग काहींना ते नाकारता कशाच्या आधारे?

ब्रिटनमध्ये हा युक्तिवाद रुजायला वेळ लागला. १९९४ मध्ये हुजूर खासदार एडविना करी यांनी संमतीचं वय सर्वांना सारखं, म्हणजे सोळा, करायची दुरुस्ती आणली. ती २७ मतांनी पडली. तीन निवडणुका हरल्यावर मात्र पक्ष ऐकायच्या मनःस्थितीत आला. त्या काळात फ्रान्सिस मॉड यांच्यासारखी माणसं पुढे आली. कलम २८ ला मत देणाऱ्या मॉड यांचा भाऊ १९९३ मध्ये एड्सनं गेला होता. ते कलम चुकीचं होतं, हे त्यांनी पुढे उघडपणे मान्य केलं. कॅमेरून यांनी २००९ मध्ये पक्षाच्या वतीनं माफी मागितली. २०१० मध्ये मार्गो जेम्स या उघडपणे लेस्बियन असलेल्या पहिल्या हुजूर खासदार निवडून आल्या.

५ फेब्रुवारी २०१३ ला विवाहाचं विधेयक ४०० विरुद्ध १७५ नं पुढे सरकलं. हुजूर खासदारांची मोजणी वेगळं सांगते: १२७ बाजूनं, १३६ विरोधात. परंपरावादी म्हणूनच पाठिंबा, हे वाक्य पंतप्रधानांच्या स्वतःच्या निम्म्याहून अधिक खासदारांच्या गळी उतरलं नव्हतं. मजूर आणि लिबरल डेमोक्रॅट मतं नसती तर कायदा झाला नसता.

आयर्लंडमध्ये याच सुमाराला उजवीकडे झुकलेल्या फिन गेल पक्षाचे आरोग्यमंत्री लिओ वराडकर यांनी, जानेवारी २०१५ मध्ये, आपण गे असल्याचं रेडिओवर सांगितलं. मे महिन्यात ६२ टक्के मतदारांनी समलिंगी विवाहाला कौल दिला, आणि दोन वर्षांनी वराडकर पंतप्रधान झाले. त्यांच्या वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. सिंधुदुर्गात त्यांच्या निवडीचं कौतुक झालं. त्यांच्या जोडीदाराबद्दल तेवढ्याच मोकळेपणानं बोललं गेलं असतं, तर मला अधिक आनंद झाला असता.

या धाकट्या शाखेनं मिळवून दिलं ते जोडप्यांना. जो एकटा आहे, ज्याला लग्न नको आहे, जी व्यक्ती ट्रान्सजेंडर आहे, त्यांच्यासाठी तिच्यात जागा काढलेली नाही. २०२२ च्या वसंतात हे दिसलं. समलिंगी आणि ट्रान्स व्यक्तींना ‘बरं’ करण्याच्या तथाकथित उपचारांवर बंदी घालताना हुजूर सरकारनं ट्रान्स व्यक्तींना वगळायचं ठरवलं. निषेध म्हणून शंभरावर संस्थांनी अंग काढून घेतलं आणि सरकारनं त्याच उन्हाळ्यात लंडनला भरवायला घेतलेली समलिंगी व ट्रान्स हक्कांची आंतरराष्ट्रीय परिषद रद्द करावी लागली.